रेंडरही चालू राहील आणि मशीनही अडकणार नाही: कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर आधी द्यायचा?

लग्नसराईत कुठल्याही फोटो स्टुडिओत डोकावलात, तर एकाच मशीनवर दोन कामं चाललेली दिसतात. मागे व्हिडिओचा रेंडर, म्हणजे अंतिम व्हिडिओ फाइल तयार करण्याचं लांबलचक काम, लागलेला असतो आणि पुढे अल्बमची पानं जुळवणं चालू असतं. रेंडर सुरू झाला की फोटोशॉपमधला ब्रश हाताच्या मागून रेंगाळत येऊ लागतो, मेनू उघडायला वेळ लागतो, सेव्ह करताना खिडकी पांढरी पडते. घरातही वेगळं नसतं. मीटिंग चालू असताना मागे मोठी झिप फाइल बनत असली की आवाज तुटायला लागतो.

अशा वेळी बरेच जण रेंडर थांबवून ठेवतात. काही जण कुणीतरी सांगितलं म्हणून टास्क मॅनेजर उघडतात आणि समोरच्या प्रोग्रामला ‘हाय’ किंवा थेट ‘रिअलटाइम’ प्रायॉरिटी लावतात. यातला दुसरा उपाय पहिल्यापेक्षा वाईट आहे. समोरच्या कामाला वर चढवायची गरज जवळपास कधीच पडत नाही. जे काम थांबू शकतं त्याला एक पायरी खाली उतरवलं की पुरतं. रेंडरचा एकूण वेळ त्याने फारसा वाढत नाही आणि मशीन हाताखाली हलकं राहतं. हे कसं करायचं, कुठे करायचं नाही आणि केलेला बदल टिकवायचा कसा, ते इथे क्रमाने सांगतो. मुख्य भर विंडोज १० आणि ११ वर आहे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत आणि दुकानांत तेच चालतं. लिनक्स आणि मॅकबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आधी एक सूचना. लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत, नेहमीच्या स्पेलिंगने लिहायच्या. चिन्हं आणि मोकळ्या जागा जशा दिसतात तशाच ठेवा.

दुखणं प्रोसेसरचंच आहे का?

प्रायॉरिटी म्हणजे प्रोसेसरपुढच्या रांगेतला क्रम. प्रोसेसरपुढे रांगच लागलेली नसेल, तर क्रम बदलून काही होणार नाही. म्हणून मशीन अडकलेलं असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’ टॅबवर जा आणि मिनिटभर फक्त बघत राहा.

सीपीयू ९० ते १०० टक्क्यांवर टेकलेला असेल, तर तुम्ही योग्य लेख वाचताय. सीपीयू तीस-चाळीसवर आणि मेमरी मात्र ९५ वर असेल, तर रॅम भरली आहे. विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर हलवतंय आणि परत आणतंय. इथे ब्राउझरचे टॅब बंद करणं किंवा रॅम वाढवणं हाच उपाय. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू निवांत, हे जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर नेहमी दिसतं. त्यावर एसएसडीसारखा उपाय नाही.

चौथी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. समजा तुमच्या मशीनला आठ लॉजिकल प्रोसेसर आहेत आणि रखडणारा प्रोग्राम टास्क मॅनेजरमध्ये बारा-साडेबारा टक्क्यांवरच अडकून बसलाय. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. याचा अर्थ तो प्रोग्राम एकाच धाग्यावर (थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कामांच्या एकाच ओळीवर) काम करतोय आणि त्याला मिळणारा एक प्रोसेसर तो पूर्ण वापरतोय. बाकीचे सात रिकामे आहेत. त्याची प्रायॉरिटी कितीही चढवा, त्याच्यापुढे रांगेत कुणी नव्हतंच, त्यामुळे फरक पडणार नाही.

त्याच पानावर ‘स्पीड’ हा आकडाही बघून घ्या. सीपीयू १०० टक्के दाखवतोय, पण वेग त्याच्या ‘बेस स्पीड’पेक्षा बराच खाली उतरलाय, असं असेल तर मशीन तापलंय किंवा बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये आहे. मे महिन्यात पंखा धुळीने भरलेल्या लॅपटॉपवर हे हमखास होतं. तिथे आधी पंखा साफ करून घ्या.

विंडोज क्रम कसा ठरवतं

एवढा एक भाग नीट समजला की पुढचं सगळं आपोआप कळतं, म्हणून इथे थोडं थांबू या.

विंडोजमध्ये प्रत्येक धाग्याला ० ते ३१ मधला एक क्रमांक असतो. मोठा क्रमांक आधी. ० हा विंडोजने मेमरीची पानं पुसण्याच्या अंतर्गत कामासाठी राखून ठेवलाय. १ ते १५ नेहमीच्या प्रोग्रामसाठी आणि १६ ते ३१ रिअलटाइमसाठी. टास्क मॅनेजरमध्ये आपल्याला सहा नावं दिसतात आणि प्रत्येक नावाचा एक पायाभूत क्रमांक असतो: लो म्हणजे ४, बिलो नॉर्मल ६, नॉर्मल ८, अबव्ह नॉर्मल १०, हाय १३ आणि रिअलटाइम २४. बहुतेक प्रोग्राम ८ वर सुरू होतात.

महत्त्वाची गोष्ट अशी की विंडोज इथे वाटणी करत नाही. ८ क्रमांकाचा धागा तयार उभा असेल, तर ६ क्रमांकाच्या धाग्याला त्या कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या त्या भागावर, वेळ मिळत नाही. ‘याला सत्तर टक्के, त्याला तीस टक्के’ असा हिशेबच नाही. वरच्याचं काम संपलं किंवा तो कशाची तरी वाट बघत थांबला, की खालच्याला संधी.

आता फोटोशॉपचा विचार करा. तुम्ही ब्रश फिरवता तेव्हा त्याला क्षणभर प्रोसेसर लागतो. मग तुम्ही विचार करता, झूम करता, माउस उचलता. प्रोसेसरच्या दृष्टीने त्या मोकळ्या वेळा प्रचंड मोठ्या असतात. रेंडर ६ वर असेल, तर त्या सगळ्या मोकळ्या वेळा त्याला मिळतात आणि तुमचा हात हलताक्षणी तो बाजूला होतो. म्हणूनच खाली उतरवूनही रेंडर जवळपास तितक्याच वेळात पूर्ण होतो. मशीनवर दुसरं कुणी काम करत नसेल, तर ‘लो’ वरचा प्रोग्रामसुद्धा १०० टक्के प्रोसेसर वापरतो. प्रायॉरिटी उतरवल्यावरही सीपीयूचा आलेख शंभरावरच राहिला म्हणून बदल झाला नाही असं समजू नका. आलेख भरलेला राहणं चांगलंच आहे. आपल्याला फक्त रांगेतला क्रम बदलायचा होता.

विंडोज स्वतःही समोरच्या खिडकीची बाजू घेतं. घरगुती आवृत्त्यांमध्ये समोरच्या प्रोग्रामला प्रत्येक पाळीला जास्त लांब वेळ मिळतो, आणि कळ दाबली किंवा क्लिक केलं की त्या धाग्याचा क्रमांक थोडा वेळ वाढतो. ही सोय चालू आहे ना, ते एकदा बघून घ्या. विंडोज कळ आणि आर दाबून ‘सिस्डीएम.सीपीएल’ लिहा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये परफॉर्मन्सखालचं ‘सेटिंग्ज’ दाबा, आणि पुढच्या खिडकीतही ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅब उघडा. ‘प्रोसेसर शेड्युलिंग’खाली ‘प्रोग्राम्स’ निवडलेलं हवं. ‘बॅकग्राउंड सर्व्हिसेस’ हा पर्याय सर्व्हरसाठी आहे. सेकंडहँड मशीन घेतलं असेल, तर आधीच्या मालकाने तो निवडून ठेवलेला असू शकतो.

आत्तापुरता बदल: टास्क मॅनेजर

१. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. ‘प्रोसेसेस’ टॅबमध्ये ‘सीपीयू’ या मथळ्यावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त खाणारे प्रोग्राम वर येतील.

२. ज्याला खाली उतरवायचंय त्याच्यावर राइट-क्लिक करा आणि ‘गो टू डिटेल्स’ निवडा. ‘डिटेल्स’ टॅबमध्ये नेमकी तीच ओळ निवडलेली दिसेल.

३. त्या ओळीवर राइट-क्लिक, ‘सेट प्रायॉरिटी’, मग ‘बिलो नॉर्मल’.

४. विंडोज विचारेल की प्रायॉरिटी बदलायची का, आणि यामुळे सिस्टीम अस्थिर होऊ शकते असंही सांगेल. खाली उतरवताना ही भीती नाही. ‘चेंज प्रायॉरिटी’ दाबा.

५. खात्री करायची असेल तर डिटेल्समधल्या कुठल्याही मथळ्यावर राइट-क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मध्ये जा आणि ‘बेस प्रायॉरिटी’वर टिक करा. हा रकाना मी कायम चालू ठेवतो आणि तुम्हीही ठेवा. कोण कुठल्या पायरीवर आहे ते एका नजरेत कळतं.

बहुतेकांचं गाडं दुसऱ्या पायरीवर अडतं. आजचे मोठे प्रोग्राम एका प्रोसेसमध्ये, म्हणजे डिटेल्समधल्या एका ओळीत, राहत नाहीत. खिडकी एका प्रोसेसची असते आणि घाम गाळणारी प्रोसेस वेगळीच असते. खिडकीच्या प्रोसेसला बिलो नॉर्मल लावून काही उपयोग नाही. डिटेल्समध्ये सीपीयूच्या क्रमाने लावा आणि जी ओळ खरोखर वर आहे तिलाच पकडा. प्रीमिअरमधून मीडिया एन्कोडरकडे काम पाठवलं असेल, तर शोध एन्कोडरचा घ्यायचा.

प्रायॉरिटी वारशाने कशी जाते, तेही इथेच समजून घ्या. एखादा प्रोग्राम ‘लो’ किंवा ‘बिलो नॉर्मल’वर असताना त्याने नवी प्रोसेस सुरू केली, तर तीही त्याच पायरीवर जन्माला येते. वरच्या पायऱ्या मात्र अशा उतरत नाहीत. ‘हाय’वरच्या प्रोग्रामने सुरू केलेली प्रोसेस साधारणपणे नॉर्मलवरच येते. म्हणजे मुख्य प्रोग्रामला आधी खाली उतरवून मग रेंडर लावलात, तर कामकरी प्रोसेस आपोआप खाली असते. रेंडर लागल्यावर उतरवलंत, तर आधीच चालू असलेल्या प्रोसेसला ते लागू होत नाही. क्रोमसारखा ब्राउझर आपल्या टॅबच्या प्रोसेसची प्रायॉरिटी स्वतःच वरखाली करत असतो. त्याच्या मागे लागू नका.

‘हाय’ का नको, आणि ‘रिअलटाइम’ तर मुळीच का नको

बेस प्रायॉरिटीचा रकाना चालू केला असेल, तर यादीत ‘डीडब्ल्यूएम’ आणि ‘सीएसआरएसएस’ या दोन ओळी शोधा. त्यांच्यापुढे ‘हाय’ लिहिलेलं दिसेल. पहिली पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या एकत्र रंगवते, दुसरी विंडोजच्या गाभ्यातली आहे. टास्क मॅनेजर स्वतःही हायवरच चालतो, कारण बाकी सगळं तुंबलं तरी तो उघडायला हवा. तुमच्या रेंडरला तुम्ही ‘हाय’ लावता, तेव्हा तो या मंडळींच्या बरोबरीने रांगेत उभा राहतो, आणि त्याचं काम तासभर संपणार नसतं. ब्राउझर, एक्स्प्लोरर, छपाई, सिंक अशी नॉर्मलवरची सगळी कामं त्याच्या मागे.

विंडोजने यासाठी एक सुटका ठेवली आहे. साधारण चार सेकंद तयार उभा राहूनही ज्या धाग्याला पाळी मिळाली नाही, त्याला थोड्या वेळासाठी १५ क्रमांक देऊन एकदा पुढे काढलं जातं. म्हणून अशा मशीनवर प्रोग्राम पूर्ण मरत नाहीत. दर काही सेकंदांनी एक झटका घेतात आणि पुन्हा गोठतात. असा ठेका दिसला की कुणीतरी हाय लावून बसलंय का, ते आधी तपासा.

रिअलटाइम म्हणजे २४. तिथे ही सुटकाही नीट पोहोचत नाही, कारण १५ हे २४ च्या खालीच आहे. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत स्पष्ट इशारा आहे की या पायरीवरचा प्रोग्राम थोडा जरी जास्त वेळ चालला तरी डिस्कवर लिहायचा मजकूर अडकू शकतो किंवा माउस प्रतिसाद देईनासा होऊ शकतो. सगळे कोअर भरणारा रेंडर इथे ठेवलात, तर तो थांबवायला टास्क मॅनेजरसुद्धा उघडणार नाही. उरतं फक्त पॉवर बटण. प्रशासकाचे हक्क नसताना रिअलटाइम निवडलं तर विंडोज गुपचूप ‘हाय’च देतं. ‘मी रिअलटाइम लावलं आणि काही झालं नाही’ असं जे सांगतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत हेच झालेलं असतं.

आवाजासाठी तरी प्रायॉरिटी चढवावी का? तीही गरज नाही. आवाज आणि व्हिडिओ वेळेवर पोहोचावेत म्हणून विंडोजमध्ये व्हिस्टापासून वेगळी मल्टिमीडिया सेवा आहे. ती त्या धाग्यांना आपणहून वर घेते. एकच अपवाद मी करतो. ओबीएसवर थेट प्रक्षेपण करायचं असेल आणि फ्रेम गळत असतील, तर ओबीएसच्या सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर ‘प्रोसेस प्रायॉरिटी’ एक पायरी वर, म्हणजे ‘अबव्ह नॉर्मल’ ठेवतो. त्यापुढे नाही.

वरचा क्रमांक असला की काम नक्की आधी होतं, असंही नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पृथ्वीवरचं नाही. ४ जुलै १९९७ ला नासाचं मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं. काही दिवसांत त्याचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टीम होती. हवामानाची माहिती गोळा करणारं काम कमी प्रायॉरिटीचं होतं. माहितीची देवाणघेवाण सांभाळणारं काम वरच्या प्रायॉरिटीचं होतं, पण दोघांना एकच कुलूप, म्हणजे सामायिक गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणारी सोय, लागायचं. खालच्याने कुलूप घेतलेलं असताना मधल्या प्रायॉरिटीचं संपर्काचं लांबलचक काम सुरू झालं की ते खालच्याला चालू देईना. खालचं चालेना म्हणून कुलूप सुटेना, आणि वरचं काम ताटकळत राही. ठरलेल्या वेळेत ते पूर्ण झालं नाही असं पहारेकरी टायमरला दिसलं की तो पूर्ण संगणक रीसेट करी. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर दोष पकडला आणि कुलूप धरणाऱ्याला तात्पुरती वरच्याची प्रायॉरिटी देणारी सोय मंगळावर बदल पाठवून चालू केली. रीसेट थांबले.

यातून आपल्या टेबलासाठी एक नियम घ्यायचा. ज्या प्रोसेसवर दुसरं कुणी अवलंबून आहे तिला खाली ढकलू नका. छपाईची सेवा, आवाजाची प्रोसेस, एक्स्प्लोरर, ‘सर्व्हिस होस्ट’ नावाच्या ओळी यांना हात लावायचा नाही. खाली उतरवायची ती फक्त तुम्ही स्वतः सुरू केलेली, भरपूर वेळ घेणारी आणि कुणालाही घाई नसलेली कामं: रेंडर, झिप, बॅकअप, मोठ्या फोल्डरची कन्व्हर्शनं.

बदल कायमचा कसा करायचा

टास्क मॅनेजरमध्ये केलेला बदल प्रोग्राम बंद झाला की जातो. रोज करायचं काम असेल, तर पुढच्या मार्गांपैकी पहिला जो लागू पडेल तो घ्या.

सगळ्यात आधी प्रोग्रामच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये बघा. व्हिडिओ लहान करायला अनेक जण वापरतात त्या हँडब्रेकमध्ये प्रेफरन्सेसमध्ये प्रायॉरिटीची पायरी निवडता येते. सेव्हन-झिप आणि विनरार यांच्या प्रगती दाखवणाऱ्या खिडकीत ‘बॅकग्राउंड’ असं बटण असतं. ते नेमकं हेच करतं आणि फार थोडे लोक ते दाबतात. प्रोग्रामने स्वतः प्रायॉरिटी ठरवली असेल, तर तो बाहेरून केलेला बदल पुसूही शकतो, म्हणून ही पायरी आधी.

प्रोग्राममध्ये अशी सोय नसेल तर छोटी बॅच फाइल बनवा. उदाहरणाला ब्लेंडर घेऊ. नोटपॅडमध्ये ही एक ओळ लिहायची:

स्टार्ट "" /बिलोनॉर्मल "सी:\प्रोग्राम फाइल्स\ब्लेंडर फाउंडेशन\ब्लेंडर ४.२\ब्लेंडर.ईएक्सई"

सेव्ह करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नावाच्या शेवटी ‘.बॅट’ द्या. सुरुवातीची ती रिकामी अवतरणचिन्हं अजिबात गाळू नका. स्टार्ट ही आज्ञा अवतरणातला पहिला मजकूर खिडकीचं शीर्षक समजते. ती चिन्हं नसतील तर तुमचा पत्ता शीर्षकात जातो आणि नुसती काळी खिडकी उघडते. पत्ता हाताने लिहू नका. प्रोग्रामच्या फाइलवर शिफ्ट दाबून राइट-क्लिक करा आणि ‘कॉपी अ‍ॅज पाथ’ निवडा, अवतरणांसकट पत्ता मिळेल. आता ब्लेंडर उघडायचा तो या बॅच फाइलवरून. तो बिलो नॉर्मलवर जन्मतो आणि त्याने सुरू केलेल्या प्रोसेसही.

तिसरा मार्ग रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं त्या जागेचा. प्रोग्राम कुठूनही उघडला, अगदी फाइलवर डबल-क्लिक करून उघडला, तरी प्रायॉरिटी लागू व्हावी असं वाटत असेल तरच तिकडे जा. प्रशासकाचे हक्क लागतात. विंडोज कळ आणि आर दाबून ‘रेजएडिट’ लिहा. डावीकडे क्रमाने उघडत जा: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स. काही करण्याआधी या शेवटच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ने प्रत काढून ठेवा. मग त्याच्या आत प्रोग्रामच्या फाइलच्याच नावाची ‘की’ (रजिस्ट्रीतला फोल्डर) बनवा, शेवटच्या ‘.ईएक्सई’सकट. तिच्या आत ‘पर्फऑप्शन्स’ नावाची दुसरी की बनवा, आणि त्यात ‘सीपीयूप्रायॉरिटीक्लास’ नावाची ३२ बिटची डीवर्ड नोंद. नावं जोडशब्दांत, मधे जागा न सोडता लिहायची. तिची किंमत ५ ठेवली की बिलो नॉर्मल. १ म्हणजे लो, २ नॉर्मल, ३ हाय, ६ अबव्ह नॉर्मल. हे आकडे आधी सांगितलेल्या ४, ६, ८ च्या क्रमांकांपेक्षा वेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नका. बदल पुढच्या वेळी प्रोग्राम उघडल्यावर दिसतो. नको झालं तर फक्त ‘पर्फऑप्शन्स’ की काढून टाका.

ही नोंद फाइलच्या नावावर चालते, फोल्डरवर नाही. त्याच नावाचा दुसरा प्रोग्राम असेल तर त्यालाही ती लागेल. शिवाय रजिस्ट्रीतल्या याच जागेचा व्हायरसवाले गैरवापर करत असल्याने अँटिव्हायरस कधी कधी हरकत घेतो. ऑफिसच्या मशीनवर आयटी विभागाला विचारल्याशिवाय हे करू नका.

रात्री टास्क शेड्युलरने (ठरलेल्या वेळी काम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीने) बॅकअप किंवा रेंडर लावत असाल, तर आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. शेड्युलरमधल्या कामांना ० ते १० अशी स्वतःची मोजपट्टी असते आणि काही न सांगता ७ धरलं जातं. ७ म्हणजे बिलो नॉर्मल. बॅकअपसाठी उत्तम. तेच काम हाताने चालवल्यावर भराभर आणि शेड्युलरमधून रखडत होत असेल, तर कारण बहुतेक हेच. ही किंमत शेड्युलरच्या खिडकीत कुठेच दिसत नाही. काम एक्स्पोर्ट करायचं, एक्सएमएल फाइलमध्ये ‘प्रायॉरिटी’ची ओळ बदलून ५ करायची आणि पुन्हा इम्पोर्ट करायचं.

एफिशिअन्सी मोड आणि अ‍ॅफिनिटी

विंडोज ११ च्या २०२२ मधल्या मोठ्या अपडेटपासून टास्क मॅनेजरमध्ये ‘एफिशिअन्सी मोड’ आला. लावला की प्रोसेसपुढे हिरवं पान दिसतं. अनेक प्रोसेसच्या गटावर तो लागत नाही, गट उघडून आतल्या एकेका ओळीवर लावावा लागतो. तो प्रायॉरिटी थेट ‘लो’वर नेतो, आणि त्याबरोबर ती प्रोसेस कमी विजेत, म्हणजे कमी वेगाने चालवायला सांगतो. त्यामुळे रेंडरला हा मोड लावू नका, मशीन मोकळं असतानाही तो सावकाश चालेल. क्लाउड सिंक, प्रिंटरबरोबर आलेले अपडेटर अशा खटपट्या प्रोग्रामांसाठी तो चांगला आहे.

‘सेट अ‍ॅफिनिटी’ हा सेट प्रायॉरिटीजवळच दिसणारा पर्याय वेगळं काम करतो. प्रोसेसने कुठले कोअर वापरायचे ते तो ठरवतो. आठपैकी दोन टिक काढल्या, तर ते दोन मोकळे असले तरी रेंडर तिकडे जाणार नाही. वेळ वाढणारच. मशीन चपळ ठेवायला प्रायॉरिटी पुरते, पण प्रायॉरिटीने उष्णता कमी होत नाही. लॅपटॉप तापून पंखा ओरडत असेल आणि रेंडर रात्रभर चालायचाच असेल, तर अ‍ॅफिनिटी कमी करणं शहाणपणाचं.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच प्रोसेसरांत दोन जातींचे कोअर आहेत, काही दमदार, काही किफायतशीर. अशा मशीनवर मागे गेलेलं, खाली उतरवलेलं काम विंडोज किफायतशीर कोअरांकडे वळवू शकतं. बिलो नॉर्मल लावल्यावर रेंडर अनपेक्षितपणे फारच मंद झाला, तर परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट-क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा. काही चौकोन भरलेले आणि काही रिकामे दिसले तर हेच घडतंय. सेटिंग्जमधल्या पॉवर मोडला ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करून बघा.

डिस्क आणि अँटिव्हायरस

टास्क मॅनेजरमधली प्रायॉरिटी फक्त प्रोसेसरची आहे. डिस्कपुढची रांग वेगळी असते आणि सेट प्रायॉरिटीने ती बदलत नाही. दोनशे जीबीचे फोटो एकीकडून दुसरीकडे कॉपी होत असताना मशीन अडत असेल, तर कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला ‘लो’ लावून फारसा फरक पडणार नाही. मूळ फोटो आणि विंडोज वेगवेगळ्या डिस्कवर ठेवणं हाच चांगला उपाय.

विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरची प्रायॉरिटी बदलायला गेलात तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येईल. ती प्रोसेस संरक्षित आहे, आणि असायलाच हवी. ठरलेल्या वेळी होणारं स्कॅनिंग किती प्रोसेसर खाईल, ते मात्र सांगता येतं. पॉवरशेल प्रशासक म्हणून उघडा आणि लिहा:

सेट-एमपीप्रेफरन्स -स्कॅनएव्हीजीसीपीयूलोडफॅक्टर २०

मुळात ही किंमत ५० असते. २० ठेवली की स्कॅनला जास्त वेळ लागेल, पण तुमच्या कामात त्याचा त्रास कमी होईल.

लिनक्स आणि मॅक

लिनक्समध्ये हिशेब उलटा मोजतात. ‘नाइस’ची किंमत -२० ते १९, आणि जितका मोठा आकडा तितकं ते काम मागे. सगळं ० वर सुरू होतं. साध्या वापरकर्त्याला आकडा फक्त वाढवता येतो, उणे बाजूला जायला रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, हक्क लागतात. आज्ञेच्या आधी ‘नाइस -एन १०’ लिहिलं की ती १० वर सुरू होते. चालू प्रोसेससाठी ‘रीनाइस -एन १० -पी’ आणि पुढे प्रोसेसचा क्रमांक.

विंडोजपेक्षा मोठा फरक असा की लिनक्स खरोखर वाटणी करतं. प्रत्येक नाइस किंमतीला वजन ठरलेलं आहे: ० ला १०२४, ५ ला ३३५, १० ला ११०, १९ ला १५. एकाच कोअरवर ० आणि १० ची दोन भुकेली कामं असतील, तर पहिल्याला साधारण ९० टक्के आणि दुसऱ्याला १० टक्के वेळ मिळतो. १९ ठेवलं तर दुसऱ्याला जेमतेम दीड टक्का. म्हणून इथे रेंडरला सरळ १९ द्यायला हरकत नाही, कोअर मोकळा असेल तेव्हा त्यालाही सगळा वेळ मिळतोच. डिस्कसाठी ‘आयओनाइस -सी ३’ आहे. ते तुमच्या डिस्कच्या शेड्युलरला मान्य असेल तरच परिणाम करतं.

लिनक्सवर नाइस लावूनही फरक दिसत नाही, अशी तक्रार डेस्कटॉपवर बरेचदा ऐकू येते. कारण बहुतेक वेळा ऑटोग्रुप हे असतं. २०११ पासून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ही सोय आहे. ती एकेका टर्मिनल सत्राचा एक गट करते आणि आधी गटांमध्ये वाटणी करते. मग नाइसचा आकडा फक्त त्या गटातल्या गटात चालतो. दुसऱ्या टर्मिनलमधल्या कामापुढे त्याला किंमत नसते. अशा वेळी ‘सिस्टीमडी-रन’ने काम सुरू करून ‘सीपीयूवेट’ कमी द्या. त्याची मोजपट्टी १ ते १०००० आणि नेहमीची किंमत १००. रेंडरला २० दिलं तरी पुरतं.

मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधून प्रायॉरिटी बदलता येत नाही. टर्मिनलमध्ये ‘रीनाइस’ लिनक्ससारखंच चालतं. आज्ञेच्या आधी ‘टास्कपॉलिसी -बी’ लिहिलं तर ते काम पार्श्वभूमीचं धरलं जातं, आणि अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिप असलेल्या मॅकवर ते किफायतशीर कोअरवर जातं. रेंडरला तिथे बराच जास्त वेळ लागेल, म्हणून रात्रीच्या कामासाठी ‘टास्कपॉलिसी’ वापरा आणि दिवसा ‘रीनाइस’वर भागवा.